लाइव्ह गाऱ्हाणं

आमच्या घरात देवाशी बोलायचं काम बाबांचं आणि जगाशी बोलायचं काम धाकट्या भावाचं. मी थोरली, लग्न करून मुलुंडला गेलेली. माझ्या वाट्याला आलं ते दोघांचं ऐकून घ्यायचं काम, आणि तेही मी फार मन लावून करत होते अशातला भाग नाही.

बाबांचं देवाशी बोलणं म्हणजे गाऱ्हाणं. भटजी येतात, पूजा सांगतात, दक्षिणा घेऊन पुढच्या घरी पळतात, ते वेगळं. गाऱ्हाणं घरातल्या मोठ्या माणसाने घालायचं, देवापुढे हात जोडून, आपल्या मालवणीत. घरात काय चाललंय, कोणाचं काय अडलंय, ते सगळं त्याच्या कानावर घालायचं. बोलणारा प्रत्येक मागणं 'म्हाराजा'वर आणून थांबवतो आणि मागे उभ्या असलेल्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणजे, हा बोलतोय ते खरं आहे, आमचंही तेच म्हणणं आहे. आम्हाला लहानपणापासून याची इतकी सवय, की 'म्हाराजा' कानावर पडलं की तोंडातून 'व्हय' आपोआप निघतं. आपण कशाला हो म्हणालो ते मागाहून कळतं. कधी कधी कळतही नाही, कारण तेवढ्यात आरतीचं तबक पुढे आलेलं असतं.

भावाचं जगाशी बोलणं म्हणजे मोबाइल. तो अंधेरीला एका कंपनीत मार्केटिंगमध्ये होता. त्याचा दिवस आम्हाला त्याच्या फोटोंवरून कळायचा. काचेची उंच इमारत, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, लॅपटॉपशेजारी कॉफीचा मग आणि खाली इंग्रजीत दोन ओळी: नवी आव्हानं, नवी शिखरं वगैरे. शिखरं म्हटल्यावर मला हसू यायचं. आमची चाळ भांडुपच्या टेकडीच्या अंगावर आहे, घरी पोचायचं तर रोजच चढायला लागतं. मी स्वतः काही टाकत नाही. बघते मात्र सगळ्यांचं, अगदी शेवटपर्यंत, आणि वर म्हणते की लोकांना काही कामधंदे नाहीत. भावजय त्याच्या प्रत्येक फोटोवर लाल बदाम टाकायची. एकाच खोलीत झोपणाऱ्या माणसाला बदाम कसला टाकायचा, असं मी एकदा तिला म्हटलंही होतं. ती म्हणाली, ताई, समोर म्हणायला गेलं तर तो लाजतो.

बाबांना यातलं काहीच कळत नाही. व्हिडिओ कॉल लावला तर ते फोन सरळ कानाला लावतात, त्यामुळे आम्हा सगळ्यांना गेली कित्येक वर्षं त्यांचा फक्त कान दिसतो. समोरून काहीही विचारा, उत्तर एकच: "बरा, बरा." जेवलात का? बरा. पडलात का? बरा. टीव्हीचा आवाज इतका, की शेजारची म्हातारी आपला टीव्ही बंद ठेवून आमच्या टीव्हीवर मालिका ऐकते. कानाला मशीन लावूया म्हटलं की ते चिडायचे. माका सगळा ऐकाक येता, आजकाल माणसाच हळू बोलतत, हे त्यांचं ठरलेलं. चाळीत आपण म्हातारे दिसू नये, एवढंच त्यामागे होतं. रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते कट्ट्यावर बसतात आणि कोणी काही बोललं की मान हलवतात. लोकांना वाटतं, किती शांत माणूस.

आमचा गणपती पाच दिवसांचा. गेल्या वर्षी चतुर्थीच्या सकाळी मी पोचले तेव्हा भाऊ गणपतीसमोर गोल दिवा लावून, स्टँडवर मोबाइल बसवून तयार होता. वरची फळापानांची माटवी फोटोत कापली जात होती म्हणून त्याने ती बांधलेली उतरवून पुन्हा खाली बांधली होती. यंदा गाऱ्हाणं लाइव्ह, असं त्याने जाहीर केलं. गावची भावंडं, आखातातला मामेभाऊ, त्याच्या ऑफिसमधले लोक, सगळे बघणार होते. आपली परंपरा लोकांना कळली पाहिजे, ही तर आपली ओळख आहे, असं तो म्हणाला. मी म्हटलं, बाबांना विचारलंस का? त्याने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, बरा.

फोटोच काढतोय असं त्यांना वाटलं. फोटोला त्यांची कधीच हरकत नसते.

गाऱ्हाणं सुरू झालं. शेजारपाजारची माणसं दारापर्यंत उभी. भाऊ मोबाइलच्या सगळ्यात जवळ, म्हणजे बाबांच्या उजव्या हाताला. बाबांनी डोळे मिटले आणि त्यांचा आवाज एकदम भरला. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो, पण गाऱ्हाण्याला त्यांच्या आवाजात वेगळंच बळ येतं. बा गणपती म्हाराजा, ह्या घरात तुझी जी काय मोडकीतोडकी सेवा झाली ती गोड मानून घे म्हाराजा. व्हय म्हाराजा. गावाकडची आणि हयसरची पोराबाळा सुखात ठेव म्हाराजा. व्हय म्हाराजा. थोरल्या चेडवाचे गुडघे दुखतत, तेंका आराम पडूदे म्हाराजा. व्हय म्हाराजा, असं मीही म्हटलं, आणि माझे गुडघे आखातापर्यंत पोचले. मोबाइलवर खालून वर ओळी सरकत होत्या. तिकडची माणसंही तेच टाइप करत होती: व्हय म्हाराजा, हात जोडलेले, फुलं, पुन्हा व्हय म्हाराजा.

मग बाबा त्याच आवाजात म्हणाले, "धाकट्या झिलाचा काम सुटलेला आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. भावजय म्हणाली, मी म्हणाले, दारातले शेजारी म्हणाले. आणि सगळ्यात मोठ्याने, मोबाइलच्या अगदी तोंडाशी, माझा भाऊ म्हणाला.

त्यानंतर जी शांतता पडली ती फक्त बाबांना कळली नाही. डोळे मिटून ते पुढे बोलतच होते. तो कोणाक सांगणा नाय. रोज डबो घेवन भायर पडता, सांजचो परत येता. त्येचो जीव थाऱ्यार नाय. त्येका वाट दाखव म्हाराजा. यावर आमच्यातलं कोणीच काही म्हणालं नाही. मोबाइलवर मात्र ओळी येतच होत्या. त्या लोकांनाही आमच्यासारखीच सवय. लाइव्हसाठी लावलेल्या त्या गोल दिव्याच्या उजेडात भावाचा चेहरा मला स्वच्छ दिसला. तो हलला नाही. आरती संपेपर्यंत त्याने लाइव्ह बंदही केलं नाही. बहुधा त्याला सुचलंच नाही.

दुपारी त्याने तो व्हिडिओ काढून टाकला. त्याने काय होणार होतं? तोवर गावाहून फोन सुरू झाले होते. कोणाच्या ओळखीने कुठे चिकटवता येईल, चुलत्याचा मुलगा कुठल्या बँकेत आहे, सगळे चांगुलपणानेच बोलत होते, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला.

भावजयीने त्या दिवशी सगळ्यांना वाढलं, मोदकांवर तूप घातलं, पाहुण्यांना निरोप दिला. मग मोरीपाशी भांडी लावता लावता ती त्याला हळू आवाजात म्हणाली, "रोज तुझ्या फोटोला मी बदाम टाकत होते रे. रोज. काम गेलं त्याचं काही नाही, पण मला वेड्यात काढलंस ना." गणपती घरात आहेत तोवर मी काही बोलणार नाही, विसर्जन झालं की घाटकोपरला आईकडे जाते, असं तिने सांगून टाकलं. आणि ती बोलेल तसं करणारी आहे. तिसऱ्या दिवशी तिची बॅग भरून कपाटाखाली ठेवलेली मी पाहिली.

भावाचा सगळा राग बाबांवर. घरात एकच खोली, वर पोटमाळा. देव बसलेले, पाहुण्यांची ये-जा, त्यात हे दोघं एकमेकांच्या अंगावरून जात होते आणि तो त्यांच्याकडे बघत नव्हता. बाबांना काय बिघडलं तेच समजेना. शेवटी मी त्यांना बाहेर कट्ट्यावर नेऊन, कानाशी तोंड नेऊन, सगळा प्रकार सांगितला: तो फोटो नव्हता, लोक बघत होते, त्याच्या ऑफिसचे, गावचे, परदेशातले. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी देवाक सांगलंय. लोकांक तेनी बोलवल्यान, त्येका मी काय करू?"

मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? ते म्हणाले, डब्यावरून, तो रोज धुतलेला घरी येतो. "कामार जाणारो माणूस डबो धुवन हाडणा नाय. तितको येळ खय आसता? तुझ्या आवशीन माका असाच पकडल्यान."

ही गोष्ट मला माहीतच नव्हती. गिरणी बंद झाल्यावर बाबा बरेच दिवस डबा घेऊन घराबाहेर पडायचे आणि एका बागेत बसून जेवायचे. बागेत नळ होता. जेवून झालं की करायला काही नसायचं, म्हणून ते डबा घासूनपुसून लख्ख करायचे. आई काही बोलली नाही. तिने एक दिवस त्यांना डबाच दिला नाही, आज घरीच जेवा म्हणाली, आणि ते बसले जेवायला. आई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तिच्याबद्दलची ही एवढी मोठी गोष्ट मला त्या कट्ट्यावर, आत भावजयीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडत असताना कळली. मला रडायला आलं. बाबांना वाटलं गुडघे दुखतात.

भावाने मला आपली बाजू चौथ्या दिवशी सांगितली. आम्ही दोघं चाळीच्या पायरीवर दुर्वा निवडत होतो. काम सुटल्यावर पहिले काही दिवस तो नुसता भटकला. वर्सोव्याला जाऊन होडीने मढला जायचा आणि परत यायचा. पुढे साकीनाक्याला एका मित्राच्या पुठ्ठ्याचे खोके बनवायच्या गाळ्यात माळ्यावर बसू लागला. तिथून नोकरीचे अर्ज पाठवायचा आणि मधूनच मित्राच्या ऑर्डरीही बघायचा. फोटो जुनेच होते. नवे काढायचे झाले तर मेट्रो स्टेशनजवळच्या कुठल्यातरी काचेच्या इमारतीसमोर उभं राहायचं. मी म्हटलं, अरे पण कशाला? तो म्हणाला, बंद केले असते तर लोकांनी विचारलं असतं. आणि काम नाही असं दिसलं तर काम कोण देतं?

मग थोडा भडकला. "ताई, सगळे चांगलं तेवढंच टाकतात. आई पाहुण्यांसमोर चांगल्या कपबश्या काढायची, त्या वेळी तू नाही गं म्हणालीस खोटं आहे म्हणून."

मुद्दा बिनतोड वाटला मला. आमच्याकडे त्या निळ्या फुलांच्या कपबश्या खरंच होत्या आणि आम्हाला त्यांना हात लावायची बंदी होती. मग मला एवढंच सुचलं, की त्या कपातून आईने आम्हाला कधी चहा दिला नाही. पाहुणा गेला की कप वर आणि घरातल्यांना आपले स्टीलचे पेले. मी म्हटलं, तू घरातल्या माणसांनापण पाहुण्यांच्या कपात पाजलंस, हे तुझं चुकलं. निवडलेल्या दुर्वा त्याने पुन्हा न निवडलेल्यांत टाकल्या आणि मला सगळं परत करायला लागलं.

पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली. आता गाऱ्हाणं, आणि मग मूर्ती उचलायची. त्याच्या मोबाइलवर सकाळपासून विचारणा चालू होती, आज पण लाइव्ह ना? त्याने मोबाइल पोटमाळ्यावर चार्जिंगला लावला होता. बाबा पुढे झाले नाहीत. ते मागे सरकले, भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आज तू घाल. माझा सांगणा तुका आवडणा नाय, तर तुझा तू सांग."

त्याने आयुष्यात कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. मीटिंगमध्ये तासन्‌तास बोलणारा माणूस, पण हात जोडल्यावर त्याला घाम फुटला. त्याने सुरुवात अगदी छापील केली. हे गणराया, या पाच दिवसांत आम्हाला तुझा सहवास लाभला, याबद्दल आम्ही सर्व जण तुझे ऋणी आहोत. आणि थांबला. आम्ही सगळे तसेच उभे. मागून शेजारची म्हातारी म्हणाली, "म्हाराजा म्हण रे, त्याशिवाय आमी व्हय कसा म्हणतलंव?" दारातली माणसं हसली. तोही हसला थोडा, आणि मग त्याची जीभ सुटली.

माझा काम गेला म्हाराजा, तो म्हणाला. व्हय म्हाराजा. मी बायलेशी खोटा बोललंय म्हाराजा. यावर सगळ्यांत मोठा 'व्हय म्हाराजा' भावजयीचा होता, आणि त्याच्या शेवटी तिचा आवाज फाटला. मिळात ता काम करतलंय, पण आता लपवचंय नाय म्हाराजा. व्हय म्हाराजा. मी मोबाइल लावलेला नाही म्हणून हळहळले, हे कबूल करते. असलं बघायला मिळालं असतं तर मी दहा वेळा पाहिलं असतं.

मला वाटलं संपलं. बाबा डोळे मिटून, हात जोडून, त्याच्या अगदी बाजूला उभे होते. भावाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"माझ्या बापाशीक ऐकाक येणा नाय," तो म्हणाला. "तो ता कोणाक कळूक देणा नाय. मान हलवता आणि बरा म्हणता. त्येका कानाक मशीन लावची बुद्धी दी म्हाराजा."

आमची जन्माची सवय पाच दिवसांत दुसऱ्यांदा चुकली. कोणाच्या तोंडून 'व्हय' निघेना. बाबांच्या समोर, सगळ्या चाळीसमोर, त्याला हो कसं म्हणायचं? मी जमिनीकडे बघत राहिले. बाबांनी डोळे उघडले. भावाचे ओठ थांबलेले त्यांना दिसले, आणि मागून कोणी काही म्हणत नाही हेही दिसलं असणार. पोरं चुकली, असं वाटून त्यांनी आमच्याकडे जरा रागाने पाहिलं. मग हात कपाळापर्यंत नेऊन, भरल्या आवाजात, एकट्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा."

भाऊ मूर्ती उचलायला वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

तलावावरून परत आलो तेव्हा खोली ओकीबोकी दिसत होती. रिकाम्या पाटावर तलावातली चिमूटभर माती ठेवून भावजयीने दिवा लावला. मग कपाटाखालची बॅग ओढली. तिने बॅगेतून घरातला गाऊन बाहेर काढला, बॅग पोटमाळ्यावर टाकली आणि ओट्यावर डबा आणून ठेवला. उद्या कुठे जाणार आहेस, तिने विचारलं. तो म्हणाला, साकीनाक्याला, खोक्यांच्या गाळ्यात, अजून पगाराचं काही नक्की नाही.

"जा," ती म्हणाली. "फक्त डबा धुऊन आणू नकोस."

बाबा खाटेवर बसून हे सगळं बघत होते, म्हणजे नेहमीप्रमाणे मान हलवत होते. थोड्या वेळाने त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि विचारलं, शेवटाक माझ्याबद्दल कायतरी बोललो मां तो? काय बोललो? मी भावाकडे पाहिलं. त्याने सांग म्हणून मान हलवली. मग मी त्यांच्या कानाशी जाऊन, इतक्या मोठ्याने, की चाळीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत जावं, शब्दन्‌शब्द सांगितला.

बाबांचा चेहरा उतरला. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर त्यांनी उगाच नीट केली. मग म्हणाले, "आणि मी काय म्हटलंय?"

"व्हय म्हाराजा म्हणालात."

"देवाम्होर?"

"देवासमोर. एकटेच."

ते रिकाम्या पाटाकडे बघत बसले. मग सुस्कारा सोडून म्हणाले, "मगे आता काय करतलंस? लावचाच लागतला."